पी-ई गुणोत्तराची धोक्याची पातळी

दिनांक ११ नोव्हेंबर २०२४, सोमवार, सकाळचे सात वाजून पाच मिनिटे. जुळे सोलापुरातील आमच्या सुवर्णरेखा सोसायटीच्या फाटकाजवळच्या सिमेंटच्या बाकावर आम्ही तीन निवृत्त माणसे बसलो होतो आणि त्यांपैकी दोघांना पी-ई गुणोत्तर म्हणजे काय हे ठाऊक होते. तिसरा मी होतो.

वास्तविक विषय मीच काढला होता. आमच्या पत्नीकडे, म्हणजे बुद्धप्रियाकडे, शाल्मली पंप्स या कंपनीचे काही शेअर आहेत आणि ते विकावेत की ठेवावेत यावर आपण विचार करीत आहोत, असे मी सहज बोलून गेलो. निवृत्त माणसाने बाकावर सहज काही बोलू नये, हे मला आता पटले आहे.

"पी-ई किती हाय?" बसलिंगप्पांनी विचारले.

बसलिंगप्पा एका सहकारी बँकेच्या कॅश खिडकीमागे बसून निवृत्त झाले आहेत. पैशाविषयी अखेरचा शब्द आपला, अशी त्यांची समजूत आहे. आयुष्यभर नोटा मोजल्याने अर्थशास्त्र येत असते तर सोलापुरातला प्रत्येक बसवाहक अर्थतज्ज्ञ झाला असता. पण हे त्यांना तोंडावर सांगणे माझ्या स्वभावात नाही.

"पाहावे लागेल," मी म्हणालो.

"पाहावं लागेल? अय्यो साहेब! म्हणजे बघितलंच न्हाय? भाव भागिले कमाई. दुसरीतल्या पोराचं गणित. शेअर हायत तरी किती?"

"संख्या गौण आहे. प्रश्न तत्त्वाचा आहे."

बाकावर कोणीतरी हसले. मी उठलो, फाटकापर्यंत गेलो, परत आलो आणि पुन्हा उठलो. शासकीय तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका प्रथम श्रेणीत घेतलेल्या आणि उभी नोकरी पाटबंधारे खात्यात कालव्यांच्या पातळ्या मोजण्यात घालविलेल्या माणसाला दुसरीच्या गणितावरून कोणी हिणवावे, ही गोष्ट सकाळच्या चहाबरोबर गिळता येण्याजोगी नव्हती.

आता हे शेअर विकण्याचा विचार का निघाला, ते सांगितले पाहिजे. बुद्धप्रियाचे माहेर करमाळा तालुक्यातले केम. तेथे तिचा धाकटा भाऊ बिभीषण शेती करतो. गावातल्या मुली पोलीस भरतीचा आणि तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायला रेल्वे स्टेशनच्या फलाटावर बसत, कारण तेथे दिवा आणि बाक या दोन्ही गोष्टी फुकट मिळतात. मालगाडी धडधडत गेली की पुस्तकाची पाने उलटत. बिभीषणने आपली दोन गुंठे जागा दिली, गावाने विटा दिल्या, आणि बुद्धप्रियाने शब्द दिला की अभ्यासिकेचे छप्पर माझे, आईच्या नावाने. आमच्या सासूबाईंचे नाव तानाबाई. त्यांना स्वतःला अक्षर ठाऊक नव्हते. मुलीला मात्र त्यांनी जिल्हा परिषदेची शिक्षिका केली होती.

आदल्याच दिवशी बिभीषणचा फोन आला होता. "दाजी, भिती उभ्या हायत्या, वर आभाळ हाय. आता सलाप घालायचा का पत्रं, तेवढं आक्काला इचारून सांगा. गवंडी लई दिस थांबायचा न्हाय बगा. त्येला बार्शीचं काम लागलंय."

मी निरोप सांगितला तेव्हा बुद्धप्रिया मला म्हणाली, "शेअर त्यासाठीच ठेवलेत. आता विकावेत की थोडे थांबावे, एवढेच तुम्ही सांगा. आठ दिवसांत."

"आठ दिवसांत अंदाजपत्रकही होत नाही," मी म्हणालो.

"मी अंदाजपत्रक मागितलेले नाही. हो किंवा नाही मागितले आहे."

शिक्षकांना खाजगी जीवनातही वस्तुनिष्ठ प्रश्नच आवडतात.

आता गुणोत्तराविषयी. वाचकांपैकी जे माझ्यासारखे तिसऱ्या क्रमांकावर असतील त्यांच्यासाठी सांगतो. कंपनी एका शेअरमागे वर्षाला जितका नफा मिळवते, त्याच्या कितीपट भाव बाजारात पडतो, ते हे गुणोत्तर. मी ते टाकीच्या रूपाने समजून घेतले. शेअरचा भाव म्हणजे टाकी, वर्षाची कमाई म्हणजे नळाची धार. टाकी भरायला किती वर्षे लागतील, तो पी-ई. शाल्मली पंप्सचा भाव त्या दिवशी नऊशे तीस रुपये होता आणि वर्षाची कमाई शेअरमागे एकतीस रुपये. टाकी भरायला तीस वर्षे. मी शहाऐंशी... नाही, शहाण्णव वर्षांचा होईन, असा हिशेब मनात झाला आणि उगीचच अस्वस्थ वाटले.

पण तीस म्हणजे जास्त की कमी? येथे बाकावरच्या विद्वानांची आणि माझी वाट वेगळी होते. बसलिंगप्पांचे मत, वीसच्या वर सगळे महाग. बाकावरच्या दुसऱ्या गृहस्थांचे मत, पंपाच्या धंद्यात चाळीसही चालतो. मी मात्र पाटबंधारे खात्याचा माणूस आहे. कालव्यात आज पाणी दीड मीटर आहे, एवढ्याने काहीच कळत नाही. काल किती होते, मागल्या वर्षी किती होते, महापुरात किती होते, हे कळल्याखेरीज आजच्या पातळीला अर्थ नाही. सबब वीस वर्षांचे पी-ई काढावयाचे, त्यांचा आलेख मांडावयाचा आणि मग मत द्यावयाचे, असे मी ठरविले. बुद्धप्रियाला सांगितले. ती पोळी लाटत होती. तिने लाटणे थांबविले नाही.

कमाईचे आकडे घरातच होते. कंपनी भागधारकांना दरवर्षी वार्षिक अहवाल पाठवी आणि आमच्या घरातून छापील कागद बाहेर जात नाही. मात्र तो कोठे जातो, हा संशोधनाचा विषय ठरला. काही अहवाल कपाटाच्या फळ्यांवर अंथरलेले होते. एक शिलाई मशीनच्या पायाखाली होता. तो काढताच मशीन लंगडे झाले आणि आजतागायत लंगडे आहे. २००९ चा अहवाल लोणच्याच्या बरणीखाली सापडला. त्यातील शेअरमागील कमाईच्या आकड्यावर तेलाचा डाग पडला होता, तरी तो उजेडात धरून वाचता आला. माझा नियम पहिल्यापासून एकच आहे: प्रत्येक नोंद त्या त्या वर्षीच्या मूळ कागदावरूनच घ्यावी, दुसऱ्याने नंतर सांगितलेली घेऊ नये. या नियमामुळे नोकरीत माझ्यावर कधी ठपका आला नाही.

शेअरचे जुने भाव मात्र घरात नव्हते. त्यांसाठी मी भवानी पेठेत गेलो. तेथे एका अरुंद जिन्यावर, खाली टॉवेलचे दुकान आणि वर शिवणक्लास यांच्या मध्ये, शेअर खरेदी-विक्रीचे छोटेसे कार्यालय आहे. बुद्धप्रियाचे खाते तेथेच. खिडकीजवळच्या संगणकावर ऋतुजा नावाची मुलगी बसते.

"शाल्मली पंप्सचे वीस वर्षांचे भाव हवेत," मी म्हणालो.

"खातं कुणाच्या नावावर आहे काका?"

"पत्नीच्या."

"मग खातेदार लागतील. नाहीतर त्यांचं अधिकारपत्र आणा, सहीनिशी."

मी अधिकारपत्र टंकलिखित करून आणले. सही जुळेना. खाते उघडताना बुद्धप्रियाने इंग्रजीत सही केली होती आणि निवृत्तीनंतर ती मराठीत करू लागली होती. ऋतुजा म्हणाली, बँकेकडून सही प्रमाणित करून आणा. बँक म्हणाली, खातेदाराला घेऊन या. खातेदार म्हणाली, मी येणार नाही, आज माझा पाण्याचा दिवस आहे, नळ चार दिवसांनी एकदाच येतो. तिसऱ्या फेरीला माझा संयम सुटला.

"बाजारातला भाव ही सार्वजनिक गोष्ट आहे," मी जिन्यात ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणालो. "टोमॅटोचा भाव विचारायला कोणी सही मागत नाही."

"भाव पाहिजेत होय? मला वाटलं, काकूंच्या खात्याचा उतारा पाहिजे," ऋतुजा म्हणाली. "मग आधीच सांगायचं की!" आणि तिने एका कळीसरशी दोन पाने छापून माझ्या हाती दिली.

मी घरी येऊन त्या पानांच्या चारी कडा मोजपट्टीने आखून कापल्या, म्हणजे ती माझ्या आलेखपत्राच्या समासात बिनचूक बसावीत. कागदाच्या कडा वेड्यावाकड्या असल्या की मला त्यावरचा मजकूर विश्वासार्ह वाटत नाही.

त्यानंतर आलेख. मिलिमीटरचे आलेखपत्र घेतले, उभ्या अक्षावर एका एककाला दोन सेंटिमीटर आणि आडव्या अक्षावर एका वर्षाला पंधरा सेंटिमीटर असे प्रमाण ठरविले. लहान प्रमाणात काम केले की बारकावे हरवतात. परिणामी आलेखाची लांबी तीन मीटर झाली आणि दिवाणखान्यात दूरदर्शन संच, देव्हारा नसलेल्या घरातली बुद्धमूर्तीची फळी आणि बुद्धप्रियाचे मत, अशा तीन अडचणी उभ्या राहिल्या. पहिल्या दोन हलवता आल्या असत्या.

शेवटी मी तो खाली वाहनतळाच्या लांब भिंतीवर गव्हाच्या पिठाची खळ करून चिकटविला. घरगुती आर्थिक बाब असल्यामुळे कंपनीचे नाव लिहिले नाही. ठळक अक्षरांत 'पातळी : २००५ ते २०२४' एवढेच शीर्षक दिले, बिंदू मांडले, रेषा जोडली आणि जे दिसले ते पाहून मी खुर्चीशिवायच खाली बसलो.

२००५ पासून २०१४ पर्यंत रेषा पाच-साडेपाचवर शांत वाहत होती. आणि २०१५ ला ती भिंतीसारखी उभी चढून अठ्ठावीसवर गेली होती! त्यानंतर नऊ वर्षे ती खाली आलीच नव्हती. एवढा महापूर, आणि तो नऊ वर्षे ओसरू नये, असे मी कोणत्याही नदीवर पाहिले नव्हते. दोन्ही काळांची एकत्र सरासरी काढली, ती सतरा आली. तेथे मी लाल शाईने जाड आडवी रेघ मारली आणि तिच्यावर लिहिले, 'धोक्याची पातळी'.

हे काम पाण्याच्या टाकीशेजारच्या भिंतीवर केले, आणि करणारा माणूस निवृत्त पाटबंधारे अभियंता आहे हे सोसायटीतल्या लहान मुलांनाही माहीत आहे, या दोन गोष्टींचा एकत्र विचार मी करावयास हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात बादल्यांचा खणखणाट ऐकू आला. बाहेर आलो तर तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत सर्व बिऱ्हाडांनी सर्व नळ सोडलेले. पिंपे, घागरी, पातेली, एका घरी तर मुलांचा रबरी हौद. सोसायटीच्या अध्यक्ष जगदेवीबाई पदर खोचून वाहनतळात उभ्या होत्या. त्या कपड्याच्या दुकानाच्या मालकीण आहेत, आणि सोसायटीही त्याच आवाजात चालवतात.

"काय हो शिवशरण साहेब! पाणी बंद होणार म्हणून आधी सांगायचं न्हाय का? भिंतीवर चिकटवून मोकळे झालाव?"

"कोणते पाणी?"

"हे काय लिवलंय मग? धोक्याची पातळी! चौथ्या मजल्यावरच्यांनी सकाळी वाचलं, आणि बघता बघता वरची टाकी रिकामी. आता नळाला पाणी यायला अजून तीन दिवस हायत!"

"हा पी-ई गुणोत्तराचा आलेख आहे."

"ते कोणतं धरण?"

मी समजावून सांगितले. टाकी, धार, वर्षे. टाकीचे उदाहरण त्या प्रसंगी देणे योग्य नव्हते, हे माझ्या ध्यानात उशिरा आले. दुपारी टँकर मागवावा लागला. सायंकाळी मला अध्यक्षांच्या सहीचे पत्र मिळाले: सामाईक भिंतीवर विनापरवाना कागद लावल्याबद्दल खुलासा करावा. मी चार मुद्द्यांचा खुलासा दिला. त्यावर उलट टपाली विचारणा आली की खळीला मुंग्या लागल्या आहेत, त्यांचे काय. शेवटी जगदेवीबाईंनी एक अट घालून आलेख राहू दिला: वर मोठ्या अक्षरात 'हे पाण्याचे नाही' असे लिहावे. मी लिहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी सूचना मी कोणत्याही नकाशावर लिहिली नव्हती.

तोपर्यंत डिसेंबर अर्धा संपला होता. २०१५ साली असे काय घडले, याचा शोध मला स्वस्थ बसू देईना. जेवताना मी उठे आणि खाली जाऊन पाही, जणू रेषा जरा खाली उतरली असेल. रोज बाजार बंद झाल्यावर त्या दिवशीचा भाव कमाईने भागून नवा ठिपका देई. ठिपका कधी वर, कधी खाली. आणि त्याबरोबर माझा रक्तदाब.

बसलिंगप्पा वाहनतळात येऊन आलेखासमोर हात मागे बांधून उभे राहत.

"चौदा साली कमाई किती?"

"शेअरमागे साठ."

"आणि पंधराला?"

"साडेबारा."

"बगा! साठची साडेबारा. मालकानं खाल्लं. दुसरं काय?"

"कमाई पाचव्या हिश्श्यावर आली, तर भावही पडायला हवा होता. तो जागचा हलला नाही."

"मग लोक येडे हायत. शिवशरण साहेब, सोडा, त्यात डोकं घालू नका. लोक येडे असले की आपण विकायचं, आणि पैसे घेऊन घरी यायचं."

"दुष्काळाचे वर्ष होते," मी म्हणालो. "कदाचित पंप खपले नसतील."

"दुष्काळातच पंप खपत्यात! खोल बोअर मारत्यात की लोक!"

या दोन्ही उपपत्तींना पुरावा नव्हता, तरी निष्कर्ष एकच निघत होता. पातळी पूर्वी पाच असे आणि आता तीस आहे. म्हणजे पूर ओसरण्यापूर्वी माल बाहेर काढणे शहाणपणाचे. बुद्धप्रियाला मी लेखी अहवाल दिला: सर्व शेअर तात्काळ विकावेत.

"सगळे?" ती म्हणाली.

"सगळे."

"मला छपरापुरतेच विकायचे होते. बाकीचे पुस्तकांना ठेवायचे होते."

"पुस्तके पुरात वाहून जातील," मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा परिणामकारक वाटले होते.

तिच्या चेहऱ्यावर जे आले ते मी शाळेतल्या मुलांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे: उत्तर पटलेले नसते, पण गुरुजी सांगत आहेत म्हणून पाटीवर लिहायचे असते. हे शेअर तिने वेतन आयोगाच्या पहिल्या थकबाकीतून स्वतः घेतले होते, कारण केमच्या विहिरीवर याच कंपनीचा पंप बसविला होता आणि तो कधी बिघडला नव्हता. तिचा अभ्यास एवढाच होता आणि त्यासाठी तिला भिंत लागली नव्हती.

त्यातच बिभीषण आला. रेल्वेने, खांद्यावर हुरड्याची पिशवी घेऊन. वाहनतळातच आलेखासमोर उभा राहिला, तीन मीटर इकडून तिकडे चालून गेला आणि म्हणाला, "दाजी, ह्यो एवढा कागूद आमच्या भितीवर टाकला असता तरी छप्पर झालं असतं की."

"हे शास्त्र आहे बिभीषण."

"व्हय, पर गवंडी शास्तर बघत न्हाय. सोमवारी त्यो चाललाय बार्शीला. पोरी पुन्ना फलाटावर बसायल्यात. परवा एकीचं हॉल तिकीट वाऱ्यानं रुळावर गेलं, ती खाली उतराय निघाली. स्टेशन मास्तर लई वरडला. आता न्हाय बसू देत म्हणलाय."

बुद्धप्रिया वर घरात गेली आणि ऋतुजाचा फोन नंबर शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजार उघडण्याच्या वेळेला, तिने फोन लावला. भाव मी सांगितला. मी कोणताही भाव सांगत नाही. कमाईला बरोबर तीसने गुणून, पैशापर्यंत हिशेब करून, नऊशे तीस रुपये असा भाव काढला होता. त्याखाली विकावयाचे नाही.

"सगळे विका," बुद्धप्रिया फोनवर म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता.

तो पाण्याचा दिवस होता. नळ आलेला होता, म्हणून ती बादल्या घेऊन खाली गेली. मी तिच्यामागे गेलो, बिभीषण माझ्यामागे आणि बसलिंगप्पा बाकावरून उठून आमच्यामागे. बादली भरायला वेळ लागतो. ती नळाशी उभी राहून आलेखाकडे पाहत होती. प्रथमच, हे मी नमूद करतो. आतापर्यंत तिने त्याची धूळही झटकली नव्हती.

"अहो, ही उभी रेघ कोणत्या वर्षाची?"

"दोन हजार पंधरा."

"त्या वर्षी माझे चाळीसचे दोनशे झाले."

"काय झाले?"

"शेअर. मी चाळीस घेतले होते. एक दिवस कंपनीचे पत्र आले, एका शेअरचे पाच केले म्हणून. नवे काही घेतले नाहीत मी. ते तुमच्या आलेखात कोठे आहे?"

बादली भरून वाहू लागली. कोणी नळ बंद केला नाही.

वाचकहो, आमच्या खात्यात कालव्याची पातळी एका ठरलेल्या खुणेपासून मोजतात. तिला बेंचमार्क म्हणतात. मध्येच कोणी ती खूण पाच मीटर वर सरकविली, तर आधीचे सर्व आकडे नव्या खुणेला जुळवून घ्यावे लागतात, नाही तर कालव्याला नसलेला पूर दिसतो. हे मी नव्या मुलांना शिकविले आहे. अनेकांना त्यावरून फैलावरही घेतले आहे. एका शेअरचे पाच झाले, तर एका शेअरमागची कमाई पाचव्या हिश्श्यावर येणारच. कोणी काही खाल्ले नव्हते. संगणकाने जुने भावही पाचाने भागून नव्या खुणेवर आणून ठेवले होते. जुनी कमाई मात्र मी जुन्याच खुणेवर ठेवली होती, त्या त्या वर्षीच्या मूळ कागदावरून, नियमाप्रमाणे.

मी खिशातून पेन्सिल काढली आणि तेथेच भिंतीवर भागाकार केला. २००८ : साडेपाच नव्हे, अठ्ठावीस. २०१४ : सत्तावीस. पूर नव्हता. कधीच नव्हता. वीस वर्षे तो कालवा एकाच पातळीवर वाहत होता.

"म्हंजी काय झालं दाजी?" बिभीषणने विचारले.

"थांबवा!" मी ओरडलो. "विक्री थांबवा!"

बुद्धप्रियाने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, व्यस्त. मी स्कूटर काढली, ती मागे बसली. बसलिंगप्पांनी आपली गाडी काढली आणि बिभीषणला मागे घेतले. या प्रसंगी त्यांचे काय काम होते ते त्यांनाही सांगता आले नसते. आसरा चौकात सिग्नल लाल होता. मी आयुष्यात सिग्नल मोडलेला नाही, त्या दिवशीही मोडला नाही, पण मागून पाठीत जो एक गुद्दा बसला त्याचा अर्थ मी समजून घेतला. भवानी पेठेत ऊस भरलेला ट्रॅक्टर रस्त्यात आडवा. त्याच्यापुढे बसलिंगप्पांनी कन्नडमध्ये बराच वेळ काही सांगितले, तेव्हा तो हलला.

जिना चढून आम्ही चौघेही धापा टाकीत आत शिरलो. वरच्या शिवणक्लासच्या मुली कठड्यावरून वाकून पाहू लागल्या.

"विकू नका!" मी म्हणालो.

"थांबा काका, बसा आधी," ऋतुजा म्हणाली. "तुमचा भाव एकदाच लागला, सुरुवातीला. साठ गेले. मग बाजार खाली आला. बाकीचे तसेच पडलेत. रद्द करू का?"

"करा," बुद्धप्रिया म्हणाली. माझ्याकडे न पाहता.

ऋतुजाने कळ दाबली. मी तिला झाला प्रकार सांगितला, आणि आपल्या छापील भावांच्या कागदावर हा खुलासा असावयास हवा होता, असे सौम्य शब्दांत सुचविले.

"होता की काका! सगळ्यात वर, ठळक अक्षरात. 'विभाजनानंतर समायोजित'."

तो भाग मी मोजपट्टीने आखून कापला होता.

बसलिंगप्पा खिडकीबाहेर पाहत होते. ते हसत होते की नाही, हे त्यांच्या पाठीवरून ओळखणे शक्य नव्हते. खांदे मात्र हलत होते.

बुद्धप्रिया खुर्चीवर बसून पाणी प्यायली. मग ऋतुजाला विचारले, साठ शेअरचे किती येतील. ऋतुजाने आकडा सांगितला. ती बिभीषणकडे वळली.

"पत्रे घाल. सलाप नको. जाड घाल, आणि खालून दोन पंखे लाव."

"आक्का, पत्र्याखाली उन्हाळ्यात लई तापतंय गं."

"वर उसाचे पाचट टाक. आपण कुठे सलापाखाली शिकलो?"

"व्हय, ते बी खरं," बिभीषण म्हणाला आणि तेथूनच गवंड्याला फोन लावला. "आरं जाऊ नगं बार्शीला! पत्रं आलं... आरं आलं म्हंजी येत्यात, आज सांगून येतोय की मी!"

घरी येताना मी स्कूटर सावकाश चालविली. आसरा चौकात मागून प्रश्न आला, "मग आता खरी पातळी किती निघाली?"

"चोवीस ते तेहेतीसच्या दरम्यान. सरासरी अठ्ठावीस. आज तीस."

"म्हणजे महाग?"

"किंचित."

"म्हणजे विकावेत?"

"नक्की सांगता येत नाही."

"म्हणजे ठेवावेत?"

"तेही नक्की सांगता येत नाही."

"हे पहिल्या दिवशी बाकावर सांगता आले असते," ती म्हणाली. यावर मजजवळ उत्तर होते, परंतु वाहन चालविताना बोलू नये असा नियम आहे.

भिंतीवरचा आलेख जगदेवीबाईंनी मुंग्यांसकट उतरविला. नवा आलेख मी लहान प्रमाणात केला आणि अभ्यासिकेच्या उद्घाटनाला जाताना सोबत नेला. मुलींनी दीर्घकालीन विचार कसा करावा याचे ते एक उदाहरण होईल, असा माझा उद्देश होता. पत्र्याचे छप्पर चांगले झाले होते. पन्हळीला मात्र उतार कमी पडला आहे आणि पावसाळ्यात ते गळेल, हे मी बिभीषणला सांगितले. त्याने ऐकल्यासारखे केले. तानाबाईंच्या नावाची पाटी दाराच्या वर होती आणि बुद्धप्रिया खाली उभी राहून ती पुन्हा पुन्हा वाचत होती.

मी आलेख भिंतीवर टांगला, तेव्हा पुढच्या सतरंजीवरच्या एका मुलीने मान वर केली.

"आजोबा, हे परीक्षेला येतं का?"

"नाही," मी म्हणालो.

तिने मान खाली घातली. सगळ्यांनीच घातली. मी दारात उभा राहिलो आणि दुसरे काही करण्यासारखे नसल्यामुळे मोजणी केली.

छपराखाली मुली : एकोणीस.